पलीकडची मूठ

शहाडच्या विठ्ठल सुताराच्या अंगणात गोमाजी कोळी गाठ मारलेली सुतळी घेऊन उभा होता. आपल्या घरामागच्या आंब्याचं खोड किती जाड, ते त्याने तिच्यावर मापून आणलं होतं. त्या आंब्याची त्याला होडी करायची होती.

विठ्ठलने सुतळी जमिनीवर ताणली आणि भिंतीवरच्या दोन करवती उतरवल्या. "ही बघ लांब, दोन मुठींची. खोडाच्या दोन्ही अंगांना हातभर उरते, म्हंजे भुसा भाईर पडतो. ही तोकडी, येकट्याची. ती फांद्यांना. खोडात घातलीस तर अर्ध्यावर चोंदून बसंल."

"लांबच दे."

"वढायला दुसरा कोन?"

"दामाजी हाय ना."

बोलून गेला आणि जमिनीवरची सुतळी गुंडाळू लागला. विठ्ठल खाली बघू लागला. दामाजी, गोमाजीचा एकुलता एक पोरगा, होडीसकट खाडीत गेला त्याला दोन महिने होत आले होते. सून शेवंती रडून रडून सुकली, पण बापाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. तो जेवत होता, निजत होता, विचारलं तर बोलत होता, एवढंच. होडीशिवाय चूल पेटायची नाही, म्हणून आंबा तोडायचा, हेही त्याने असंच कोरड्या तोंडाने ठरवलं होतं.

"मंग तोकरीच दे."

"अरे, आत्ताच बोललो ना, अडकंल!"

"अरकू दे. दुसरा मानूस नाय मना."

घरात शेवंती होती. पण तिला न्यायला तिचा बाप मारुती दुसऱ्या दिवशी कोपरीहून आगगाडीने यायचा होता, आणि तो निरोप गोमाजीनेच धाडला होता. पोर तरणी आहे, माहेरी गेली तर तिचा पाट लागेल, म्हाताऱ्याच्या भाकऱ्या थापत कशाला जन्म काढेल, असं त्याचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी करवत अडकलीच. मारुती मागच्या ओट्यावर, शेवंतीचं गाठोडं बांधलेलं, आणि गोमाजी रुतलेलं पातं ओढतोय. ना राग, ना त्रागा. शेवंतीला ते बघवेना. ती तडक शहाडच्या वाटेला लागली आणि दुपारी परतली ती लांब करवत खांद्यावर घेऊन. मग पाचर ठोकून तिने तोकडी सोडवली.

शेजारची शकू धावत आली. "अगो शेवंते, होरीच्या लाकराला रांडावल्या बाईनं हात लावू नये गो!"

"माजा पोर गेला, होरी गेली," गोमाजी म्हणाला. "आता आनखी वंगाल ते काय व्हायचं हाय? धर गो पोरी ती मूठ."

शेवंती करवत ढकलू लागली तसं पातं वाकलं.

"ढकलू नको. निस्ती वढायची. तू वढलीस का मी सैल सोरनार, मी वढली का तू."

"हां, मामा."

करवत चालू लागली. भुसा दोन्ही अंगांना पडू लागला.

"पोरी, गारीची येल झाली," मारुती ओट्यावरून म्हणाला.

"झार परू दे, बाबा."

उन्हं कलली तेव्हा आंबा कडाडला आणि बांधावर आडवा झाला. शेवंतीने पदराने तोंड पुसलं. "मामा, फांद्या रायल्यात. मी उद्या जाते."

"फांद्यांना तोकरी पुरते. त्याला मी येकला बास," गोमाजी तिच्याकडे न बघता म्हणाला. "जा. सांजची गारी चुकंल."

ती पाया पडली आणि बापामागून गेली.

लांब करवत परत द्यायला हवी होती. दामाजी होता तेव्हा बापलेक दोन मुठी धरून ती पोचवायला जात. गोमाजीने सवयीने आपली मूठ उचलली आणि चालू लागला. मागे धुळीत काहीतरी घासत येत होतं. त्याने वळून बघितलं. पलीकडची मूठ होती.

मग तो वाटेतच बसला आणि पोराचं नाव घेऊन मोठ्याने रडला.