चाकाच्या एका फेरीत नऊ ठोके

शनिवारी दुपारी सुनेने आपली रिमोटची गाडी दुकानातल्या मोठ्या टेबलावर आणून ठेवली, तेव्हा मालकीणबाई थोरल्या लेकाशी अबोला धरून बसल्या होत्या. अबोला सकाळपासूनचा होता, आणि बाईंच्या हिशेबाने तो अजून अगदी कोवळा होता.

तसं कारणही घडलं होतं. दुकान शिलाई मशीन दुरुस्तीचं. नवऱ्याबरोबर बाईंनी ते उभं केलं होतं आणि तो गेल्यावर चौथीसुद्धा धड न झालेल्या या बाईने ते एकटीने हाकलं होतं. दुकानाचा नेम असा, की मशीन कुणीही दुरुस्त करो, ते गिऱ्हाइकाच्या हाती जाण्याआधी बाई दारालगतच्या खुर्चीत बसून ते रिकामं पळवून बघणार. धागा नाही, कापड नाही, नुसतं मशीन. बाईंनी मान हलवली तर मशीन घरी जाणार, नाहीतर परत टेबलावर. थोरल्याच्या हातचं मशीनही त्यांनी कित्येकदा परत धाडलं होतं, आणि तेही गिऱ्हाइकांदेखत. लेक म्हणून सवलत द्यायला त्या काही त्याच्या मावशी नव्हत्या.

पण गेल्या महिन्यात तीन मशीनं परत आली. तिन्ही खडखडत होती आणि तिन्हींना बाईंनी मान हलवली होती. थोरला त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरने दोन्ही कानांवर टोपणं चढवली आणि आवाज आला की बोट वर करा म्हणाला. बाईंनी अंदाजाने पाच-सात वेळा बोट वर केलं, पण यंत्र कुणाच्या वयाची भीड ठेवत नाही. बारीक, वरच्या पट्टीतले आवाज त्यांना येतच नव्हते. कानात घालायचं यंत्र त्यांनी डॉक्टरच्या टेबलावरच सोडलं. आणि आज सकाळी, दोन कारागिरांसमोर, थोरला म्हणाला होता की सोमवारपासून त्या खुर्चीत तो बसेल, आईने आता घरी आराम करावा.

आराम. पन्नास वर्षांत बाईंना लोकांनी नाही नाही ते म्हटलं होतं, पण इतकं घाण कुणी बोललं नव्हतं.

तर ती गाडी. थोरल्याची बायको दातांच्या दवाखान्यात कवळ्यांचे साचे करायची आणि रविवार आला की मैदानावर जाऊन ही हातभर गाडी पळवायची. चाळिशी उलटलेली बाई खेळण्याच्या मागे धावते, म्हणून सासूने तिला टोमणे मारून झाले होते. सून ऐकून घ्यायची आणि जायची. मोसमभर ती पहिल्या पाचांत राहिली होती आणि उद्या शेवटची शर्यत होती. आज सरावात गाडी वळणावरून उडाली, कडेच्या फळीवर आपटली, तीन कोलांट्या खाल्ल्या. वरून काही मोडलं नव्हतं, पण तेव्हापासून ती पळताना टकटक करत होती. मैदानावरचा जाणकार, ज्याला सगळे उस्ताद म्हणायचे, त्याने कान लावून निकाल दिला होता की आतल्या गिअरच्या पेटीतले गिअर गेले, आख्खी पेटी बदलावी लागेल, आणि तशीच पळवली तर मोटर जळेल. नवी पेटी यायला दोन आठवडे.

थोरल्याने गाडी उघडली. वरचं मोठं प्लास्टिकचं दातेरी चाक जरा खरचटलेलं दिसलं. सुनेच्या डब्यात तसंच नवं होतं. त्याने ते बसवलं, बॅटरी जोडली, गाडी हातात उचलून चाकं हवेत फिरवली. सुनेचा चेहरा पडला. टकटक तशीच.

थोरल्याने हात झटकले आणि उस्तादाचं खरं असं सांगितलं.

बाईंचा अबोला तिथे संपला. उस्ताद कोण, त्याने किती मशीनं उघडली, असं विचारून त्यांनी गाडी आपल्याकडे ओढली आणि आवाज मीच शोधते म्हणाल्या. कारागिरांनी हातातली कामं थांबवली.

थोरला हसला नाही, तेच वाईट झालं. हळूच, समजावल्यासारखा म्हणाला, "आई, तुला तो ऐकू येतोय का?"

दुकानात असा गारठा पसरला की सुनेने उगीचच डब्याचं झाकण लावलं.

"हे बघ," बाई म्हणाल्या, "आवाज कुठला ते मी सांगितलं तर खुर्ची माझी. नाही सांगितलं तर माझा पेचकस तुझ्या हातात देते आणि घरी बसून वाळून जाते, तुला बघवेल तेवढं."

थोरला कबूल झाला. आईला काय ऐकू येतं आणि काय नाही, याचा डॉक्टरने दिलेला कागद त्याच्या खिशातच होता.

बाईंनी सुनेला चाकं फिरवायला सांगितली आणि डोळे मिटले. मोटरची घरघर आली. टेबलाचा थरकाप आला. टकटक आली नाही. त्यांनी कान आणखी जवळ नेला, तरी नाही. चार जणांना ऐकू येणारा आवाज त्यांच्या कानाच्या उंबऱ्यापर्यंत येऊन परत जात होता. तोंडावर मात्र बाईंनी काही दिसू दिलं नाही. तोंड हे त्यांचं सगळ्यात जुनं हत्यार होतं.

उपाय त्यांना ठाऊक होता. दोन वर्षांपासून ठाऊक होता, आणि तीच त्यांची चोरी होती. दुकानात कुणी नसलं की त्या लांब पेचकस घ्यायच्या, त्याचं टोक मशीनच्या अंगावर टेकवायच्या आणि मूठ कानाखाली, जबड्याच्या हाडावर दाबायच्या. मग मशीनच्या पोटातलं सगळं हाडातून डोक्यात शिरायचं, अगदी तरणेपणी यायचं तसं. पण गिऱ्हाइकांसमोर असं करणं म्हणजे गावभर दवंडी पिटणं, की मालकीणबाईंचे कान गेले. म्हणून लोक असले की त्या नुसता कान द्यायच्या, ऐकल्यासारखं करायच्या आणि हाताच्या अंदाजाने मान हलवायच्या. बहुतेक वेळा अंदाज बरोबर यायचा. तीनदा आला नव्हता.

आता समोर लेक, सून आणि दोन कारागीर उभे होते. बाईंनी एकेकाकडे असं पाहिलं, की जणू त्यांनीच काहीतरी चोरलं होतं. मग खणातून लांब पेचकस काढला, टोक गाडीच्या सांगाड्यावर टेकवलं आणि मूठ जबड्याला लावली.

धाकट्या कारागिराने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. सुनेने त्याच्या पायावर पाय दिला.

आता आली. टक, टक, टक, अगदी नखाने कवळीवर मारावं तशी. पण चाकं इतक्या जोरात फिरत होती की मोजायची सोय नव्हती. बाईंनी सुनेला बॅटरी काढायला लावली आणि खडूने तीन ठिपके केले: एक मागच्या चाकावर, एक मोठ्या दातेरी चाकावर, आणि एक मोटरच्या टोकाला असलेल्या करंगळीएवढ्या लोखंडी दातेरी चाकावर. मग गाडीची मागची दोन्ही चाकं टेबलावर टेकवून त्यांनी ती सुनेला मुंगीच्या चालीने पुढे ढकलायला सांगितली, चाकावरचा ठिपका खालून निघून परत खाली येईपर्यंत.

पहिल्या फेरीला त्यांनी फक्त डोळ्यांनी पाहिलं. चाक एकदा फिरतं तोवर मोठं दातेरी चाक अडीचदा फिरत होतं आणि छोटं नऊदा. दुसऱ्या फेरीला पेचकस जबड्याला लावून ठोके मोजले. मोटरमधल्या चुंबकाचे आपले वेगळे गचके येत होते, पण ते उशीतून बुक्की मारावी तसे मऊ होते. टकटक कडक होती. तिसऱ्यांदा मोजली, चौथ्यांदा मोजली. थोरल्याच्या चेहऱ्यावरचा समजूतदारपणा जरासा विरळ झाला.

बाई म्हणाल्या, नऊ. चाकात किंवा त्याच्या दांडीत खोट असती तर फेरीला एकच ठोका पडला असता. मोठ्या दातेरी चाकात असती तर दोन-तीन. नऊ ठोके म्हणजे नऊदा फिरणारं चाक, म्हणजे हे मोटरवरचं छोटं. मोठं बदलून काय होणार, त्याला तर बिचाऱ्याला दर वेळी मार बसतोय. आणि तुमच्या त्या उस्तादाला सांगा, आधी मोजायचं, मग तोंड उघडायचं.

सुनेने मोटरचे दोन स्क्रू सैल करून ती मागे सरकवली. थोरल्याने त्या छोट्या चाकाकडे बघितलं होतं, पण त्याच्यावरचं काळं चिकट त्याला नुसता मळ वाटलं होतं. बाईंनी मशीनची जाड सुई घेतली आणि एकेका दाताच्या बुडातून फिरवली. सहाव्या की सातव्या खाचेत सुई अडली. त्यांनी ती उलटी धरून दाबली आणि वाळूचा एक खडा, मोहरीच्या निम्म्याएवढा, टेबलावर उडी मारून पडला. आपटलेली गाडी मातीत लोळली, तेव्हा तो आत गेला होता. पण सुक्या लोखंडावर खडा टिकत नाही, एका फेरीत उडून जातो. हा टिकला होता, कारण त्याला धरून ठेवणारं काहीतरी होतं.

बाईंनी बोटावरचं काळं चोळलं आणि नाकाशी नेलं. कान गेले असतील, नाक शाबूत होतं.

ते त्यांच्याच कुपीतलं मशीनचं तेल होतं.

गुरुवारी घरात कुणी नसताना त्यांनी ती गाडी फळीवर पाहिली होती. सगळी दातेरी चाकं कोरडी ठणठणीत. पन्नास वर्षं ज्या बाईने लोखंडावर लोखंड कोरडं फिरू दिलं नाही, तिला ते बघवलं नव्हतं. प्रत्येक जोडाला थेंब थेंब घालून त्यांनी गाडी होती तशी ठेवली होती आणि सुनेवर उपकार केल्याच्या समाधानात चहा प्यायला होता. या गाड्यांची उघडी चाकं मुद्दाम कोरडी ठेवतात, तेल लावलं की ती मैदानावरची सगळी माती जमा करत हिंडतात, हे त्यांना आत्ता, बोट हुंगताना कळलं.

खडा टेबलावर होता. काळं बोटावर होतं. चिंधीने एकदा पुसलं असतं तर कुणाला काही कळणार नव्हतं. थोरला तर आधीच मान खाली घालून उभा होता आणि खुर्ची जिंकलेली होती.

बाईंनी चिंधी उचलली आणि तिच्याकडे बघून परत ठेवली. आपण कुणाला भ्यायलो, हा विचार त्यांना त्या तेलापेक्षा जास्त चिकट वाटला.

"तेल मी घातलं," त्या म्हणाल्या. "गुरुवारी. न विचारता."

थोरल्याची मान झटकन वर आली. आयतंच कोलीत हाती लागलं होतं. म्हणाला, म्हणजे खोट तूच केलीस आणि तूच शोधून खुर्ची मागतेस.

"केली मी आणि शोधलीही मीच. तू दोन्हीतलं काय केलंस?" बाई म्हणाल्या. "आणि ऐकायचंच आहे तर सगळं ऐक. ती तीन मशीनं मला ऐकू आली नव्हती. लोकांसमोर पेचकस लावायची लाज वाटली, म्हणून मी नुसतीच मान हलवली. चूक माझी. तिन्ही इथे आण, तिन्हींची खोट काढून देते. पण ऐकू येत नाही म्हणून मला उठवणार असशील तर आत्ता माझ्यासमोर उठवून दाखव."

थोरल्याने खिशावर हात ठेवला, पण डॉक्टरचा कागद बाहेर काढला नाही.

बोलली ती सून. बाईंना वाटलं ती आता त्यांच्या बाजूने गोड बोलेल, पण तिचा आवाज चांगलाच तापलेला होता. "आई, उद्याची शर्यत तुमच्या तेलापायी जाणार होती. माझ्या वस्तूला हात लावायच्या आधी मला विचारायचं. तुमच्या कुपीला मी कधी हात लावला?"

एकवीस वर्षांत सून सासूला असं पहिल्यांदा बोलली होती. बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि ही पोरगी आपल्याला आधीच का सापडली नाही असं त्यांना वाटलं. विचारीन, म्हणाल्या. मग दोघींनी मिळून सगळी दातेरी चाकं ब्रशने घासली आणि चिंधीने कोरडी केली. मोटर परत बसवताना दोन चाकांच्या दातांमध्ये सुनेने कागदाची एक पट्टी घातली, मोटर पुढे दाबली, स्क्रू आवळले आणि पट्टी ओढून काढली. तेवढी जागा ठेवायची असते, तिने सांगितलं. बाईंनी ती पट्टी दिव्यासमोर धरून दातांचे ठसे पाहिले आणि कारागिरांकडे बघून म्हणाल्या, शिका काहीतरी.

रविवारी सून चौथी आली. उस्तादाने गाडीला कान लावून पाहिला म्हणे, आणि पेटी कुठून मिळवली असं विचारलं. सुनेने काय उत्तर दिलं ते तिने घरी सांगितलं नाही, पण हसत होती.

सोमवारी बाई रोजच्याहून अर्धा तास लवकर दुकानात आल्या आणि दारालगतच्या खुर्चीत बसल्या. परत आलेली तिन्ही मशीनं थोरल्याने आधीच समोर लावून ठेवली होती, मुकाट्याने. अकरापर्यंत त्यांनी तिन्हींची खोट काढली. तेवढ्यात एक शिंपी आपलं मशीन न्यायला आला. थोरल्याने स्वतः दुरुस्त केलेलं होतं, घासूनपुसून चकचकीत. दुकानात आणखी चार गिऱ्हाइकं उभी होती. बाईंनी मशीन पळवलं, पेचकसाचं टोक त्याच्या पोटाला लावलं आणि मूठ कानाखाली दाबून डोळे मिटले.

शिंप्याने जरा वेळ बघितलं. मग काळजीने विचारलं, बाई, दात दुखतोय का?

"दात नाही दुखत," मालकीणबाई डोळे न उघडता म्हणाल्या, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात. "माझ्या लेकाचं काम दुखतंय. खालच्या धाग्याचं शटल सैल आहे. संध्याकाळी या."

थोरला आला, त्याने मशीन उचललं आणि परत टेबलावर नेलं.