एकदाच विचारणाऱ्यांचं गाव

फिरुझे रश्तियान नगराध्यक्ष होणार, हे पुएर्तो रेतामोच्या धक्क्यावरच्या मांजरांनासुद्धा ठाऊक होतं. आधीचे नगराध्यक्ष मोठ्या पदाच्या आशेनं राजधानीला पळाले होते आणि उरलेल्या मुदतीसाठी सहा नगरसेवकांनी आपल्यातलाच एक निवडायचा होता. फिरुझेचं स्वतःचं धरून चार मतं तिच्याकडे पक्की होती. पाचवं डोन एवारिस्तोचं, म्हणजे त्याचं त्यालाच. सहावं एका बिस्किटांच्या शौकिनाचं, जिकडं बिस्किटं तिकडं. गाव त्याला बिस्किटवालाच म्हणायचं.

तिला हे पद मिरवायला नको होतं. नव्या नगराध्यक्षाची पहिली सही पडणार होती ती मच्छीमारांच्या धक्क्याच्या कागदावर. डोन एवारिस्तो बसला, तर धक्का हॉटेलवाल्यांच्या घशात आणि होड्या वाऱ्यावर. फिरुझे बसली, तर धक्का मच्छीमारांच्या नावावर. म्हणून सभागृहाच्या मागच्या बाकांवर आज जाळी टाकून आलेली माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि साऱ्या खोलीला माशांचा वास सुटला होता.

त्यांच्यातच मोत्याची कर्णफुलं घालून तिची आई बसली होती, तूरानखानम. इराणातल्या रश्तहून ही बाई लहानग्या पोरीला घेऊन निघाली आणि पार चिलीच्या या किनाऱ्याला येऊन थांबली. येताना सामान थोडं आणलं, पण घरातले कायदे सगळे आणले. त्यातला पहिला असा, की कुणी काही देऊ केलं तर आधी नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नको. तिसऱ्यांदा मान खाली घालून म्हणायचं, "आता तुमचा शब्द कसा मोडू?" पहिल्याच फटक्यात घेणारा तो हावरट.

गावाला हा कायदा कुणी कळवला नव्हता. नवी नवी असताना फिरुझे शेजारच्या नेल्दाकडं गेली, समोर माशाचा वाफाळता रस्सा आला, पोरीनं रीतीप्रमाणे "नको" म्हटलं आणि नेल्दानं वाटी ओढून सगळा रस्सा ओरपला. त्या दिवशी फिरुझे उपाशी राहिली. नेल्दा आता मच्छीमारांची नगरसेविका आहे आणि ती गोष्ट सांगून अजून पोट धरून हसते.

वयानं मोठा म्हणून डोन एवारिस्तोच सभा चालवत होता. बिस्किटवाल्यानं त्याचं नाव सुचवलं. मग नेल्दा उठली. "मी फिरुझे रश्तियान यांचं नाव सुचवते!"

बाकांवर टाळ्या कडाडल्या. फिरुझे उठली. समोर आईचे डोळे होते, आणि जीभ आपोआप वळणावर गेली. "छे छे, माझी कसली लायकी! इथं माझ्याहून थोर माणसं बसलीत. मला नको."

आणि ती मान झुकवून, पुन्हा विचारतील म्हणून गोड हसत उभी राहिली.

डोन एवारिस्तोनं झटक्यात घंटा वाजवली. "बाईंनी नकार दिला. नावं सुचवायची वेळ संपली. उरलं माझं एकट्याचं."

"अहो, ती आढेवेढे घेतेय!" नेल्दा किंचाळली. "त्यांची बोलायची रीत आहे ती! फिरू, बोल की, बये!"

"मला तसं नव्हतं म्हणायचं..."

"या सभागृहात शब्द म्हणजे शब्द, बाई," डोन एवारिस्तो म्हणाला. "मनातलं पाद्रीबाबांना सांगायचं. इथं तोंडातून निघालेलंच लिहितात. काय, रोसाल्बाबाई?"

सचिव रोसाल्बाबाईंनी कडू तोंड केलं. "नियम तसाच आहे."

मागच्या बाकांवरचे चेहरे फिरुझेला बघवेनात. आपल्या सभ्यपणानं आपण या लोकांचा धक्का घालवला, या विचारानं तिला स्वतःची चीड आली.

डोन एवारिस्तोनं तेवढ्यावर खुर्चीत बसून घेतलं असतं, तर गोष्ट इथंच संपली असती. पण भाषण ठोकल्याशिवाय ज्याला साधी खिडकीही उघडता येत नाही, तो इथं कसला गप्प बसतो! छातीवर हात ठेवून तो अर्धा वाकला.

"खरं सांगू, मित्रहो? ही खुर्ची माझी नाहीच. ती फिरुझेबाईंचीच आहे. त्यांनी नुसता शब्द टाकावा, मी याच क्षणी माझं नाव मागं घेतो आणि त्यांचं पुढं करतो!"

या गावात कुणाच्या टोपीचं कौतुक केलं, तर मालक म्हणतो, "तुमचीच समजा." पण म्हणून कुणी ती खरंच डोक्यावर चढवून घरी जात नाही. फिरुझे इतकी वर्षं हे ऐकत आली होती. आज पहिल्यांदा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. अरे, हे तर आपलंच! आपल्या घरचेच आढेवेढे, फक्त दुसऱ्या तोंडून.

तिनं आईकडं पाहिलं. तूरानखानम सवयीनं मान हलवत होती, आधी नको म्हण, नको म्हण.

"टाकला शब्द," फिरुझे म्हणाली. "घेते."

"काय घेता?"

"खुर्ची."

"अहो बाई, ती आपली बोलायची रीत..."

"लिहिलं," मान वर न करता रोसाल्बाबाई म्हणाल्या. "शब्द म्हणजे शब्द, आणि सभा चालवणाऱ्याचा तर पक्काच. डोन एवारिस्तोंनी नाव मागं घेतलं, फिरुझेबाईंचं पुढं केलं. हात वर करा."

चार हात वर गेले. पाचवा बिस्किटवाल्याचा, त्याला वारा बरोबर कळतो. डोन एवारिस्तोनं कपाळाचा घाम पुसायला हात उचलला, तर रोसाल्बाबाईंनी तोही मोजला.

फिरुझेनं उभ्या उभ्याच धक्क्याच्या कागदावर सही ठोकली. मग काय विचारता! बाकं उलटली, टोप्या छताला लागल्या, बंदरातल्या साऱ्या होड्यांचे भोंगे एकदम वाजायला लागले. लोकांनी तिला खांद्यावर घेऊन थेट धक्क्यावर नेलं. इतका आनंद तिला आयुष्यात कधी झाला नव्हता.

तूरानखानम गर्दीतून वाट काढत आली. गाल ओले होते. "एकदा विचारलं आणि लगेच घेतलंस? बेशरम! लोक म्हणतील, तूरानच्या पोरीला वळण नाही," असं म्हणत तिनं लेकीला घट्ट मिठी मारली.

नेल्दा रश्श्याचं पातेलं घेऊन पुढं आली. "काय नगराध्यक्ष, घेणार?"

"वाढ," फिरुझे म्हणाली. "काठोकाठ."

नेल्दानं दुसरी वाटी भरून आईपुढं धरली. "आणि तुम्ही, खानम?"

"छे छे, मला नको गं," तूरानखानम म्हणाली, आणि तिनं वाटी दोन्ही हातांनी घट्ट धरली.