डाग ठेवायचे

दुसऱ्यांदाही स्कॅनर मुका राहिला तेव्हा मला राग आला नाही की रडू आलं नाही, नुसती झोप आली. मशीनशेजारी उभ्या-उभ्या. पिवळ्याधमक हळदीच्या पाऊचचा रोल समोरून सरकत होता. हळद कंपनीकडून आलेली सोनिया त्यावर हातातलं यंत्र धरून पुढंमागं करत होती, आणि यंत्र काही केल्या वाजत नव्हतं. ती बिचारी माझ्याकडे अशी बघत होती की जणू मीच त्याचं तोंड बांधलंय.

मी दीपमाला. माधवनगरच्या या पॅकिंग प्रेसमध्ये फाइल सेक्शन माझ्याकडे आहे. गिऱ्हाइकाची डिझाइन आली की ती तपासायची, रंग वेगळे करायचे, साफसूफ करून छपाईची प्लेट काढायला द्यायची. छापून चांगलं आलं तर नाव मशीनवाल्याचं, बिघडलं तर फाइल सेक्शनचं. इतकी वर्षं झाली, त्याचंही आता काही वाटत नाही.

यावेळचं दुखणं मात्र नवं होतं. हळद परदेशी जाणार, आणि तिकडच्या गिऱ्हाइकाला पाऊचवर न दिसणारा कोड हवा. चौकोनी क्यूआर असतो तसा एका जागी बसलेला नाही, तर पाऊचच्या अख्ख्या अंगावर पसरलेला. पिवळ्यातच एखादा कण किंचित गडद, एखादा किंचित फिका, असे असंख्य. माणसाला पाऊच नुसता पिवळा दिसतो. यंत्राला मात्र कुठल्याही कोपऱ्यातून कळतं की हा कुणाचा, कशाचा, कुठल्या प्लास्टिकचा. रिकामा पाऊच तिकडच्या कचऱ्याच्या पट्ट्यावरून जाताना यंत्र त्याला ओळखणार आणि बाजूला काढणार. म्हणजे आमच्या कामाची ओळख दुकानात नाही, उकिरड्यावर पटणार. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले होते.

पहिल्या वेळी खापर प्लेटवर फुटलं. प्लेट काढणाऱ्या ज्ञानूने निमूट नव्या प्लेटा काढल्या. दुसऱ्या वेळी शाईवर फुटलं. मशीनवरच्या धैर्यशीलने शाई बदलली, रोलर धुतले आणि आमच्या नावाने बोटं मोडली. आता उरलं होतं आमचं सेक्शन. मालक विश्वजित यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"ताई, तिसऱ्यांदा फेल गेलं तर कंपनी थांबणार नाही," ते म्हणाले. "आणि दोष फाइलमध्ये निघाला तर मला विचार करावा लागेल. तुम्ही राहालच. पण आकारामचं काय करू? तयार फायली पुण्याहून मागवता येतात. डाग पुसायला आता वेगळा माणूस कोण ठेवतं?"

बोलण्यासारखं होतं खूप, पण त्वेष यायलाही अंगात काहीतरी शिल्लक लागतं.

आकारामकाका माझ्या शेजारच्या खुर्चीत बसतात. मूळचे आटपाडीकडचे, घरची मेंढरं होती. लहानपणी घोंगडीत अडकलेली कुसळं वेचायचं काम त्यांच्याकडे असायचं, आणि पुढंही ते तेच करत आले, फक्त घोंगडीच्या जागी स्क्रीन आली. फोटोतली धूळ, रंगातला ठिपका, अक्षराच्या कडेचा केस, जे जे डिझाइनमध्ये नको ते ते वेचून काढायचं. विश्वजितचे वडील नानासो यांनी एक रीत घालून दिली होती: छापण्याआधी काढतात त्या प्रूफच्या कोपऱ्यात आकारामचा 'आ' पडल्याशिवाय प्लेट काढायची नाही. नानासो गेले, पण रीत राहिली. प्रेसमध्ये नवं यंत्र आलं, नवी माणसं आली, तरी ज्ञानू प्रत्येक प्रूफ घेऊन काकांच्या टेबलापाशी उभा राहतो.

केबिनमधून येऊन मी जे आधीच करायला हवं होतं ते केलं. पुण्याच्या एजन्सीने कोड घालून पाठवलेली फाइल आणि आम्ही प्लेटला दिलेली फाइल एकावर एक ठेवल्या. दोन्ही सारख्या असत्या तर स्क्रीन काळी राहिली असती. ती बारीक ठिपक्यांनी भरून आली, पीठ सांडल्यासारखी. पाऊचभर पीठ. फक्त पाऊचच्या मागच्या बाजूला नेहमीचा, दिसणारा क्यूआर होता, तेवढा चौकोन काळा कुळकुळीत.

फायलीला आम्हा दोघांखेरीज तिसरा हात लागत नाही, आणि मी लावला नव्हता.

काका डबा उघडून बसले होते. मी खुर्ची ओढली.

"काका, हळदीच्या फायलीत काय केलंत?"

"काय केलं म्हंजे? साफ केली." ते भाकरी मोडत म्हणाले. "लय घाण फाइल, ताई. पुण्याचं लोक झोपा काढत्यात का काय कळंना. मोठं करून बघितलं तर समद्या पिवळ्यात कचकच. दोन्ही बारीला मान मोडूस्तवर बसलो, तवा कुठं गुळगुळीत झालं."

"काका, तो कोड होता."

"कोड हितं हाय की." त्यांनी भिंतीवर लावलेल्या पाऊचवरच्या क्यूआरकडे बोट केलं. "सोनियाबाई म्हणाल्या हुत्या, कोडाला धक्का लागाय नगं. म्हणून आदी त्येच्याभवती कुंपण घातलं, मग बाकीचं पुसलं. बोटबी लावलं न्हाई त्येला."

"हा न्हवं. दुसरा. न दिसणारा, मी म्हणाले होते बघा."

"व्हय, न दिसणाराच म्हणाला की तुमी," काका माझ्याकडे बघत राहिले. "ह्ये तर दिसत हुतं."

स्क्रीनवर शंभर पट मोठं केलं तर कुणालाही दिसलं असतं. दिसतंय आणि डिझाइनमध्ये नाही, म्हणजे डाग. आमच्या धंद्यात याहून वेगळी व्याख्या नाही. काकांनी कोड राखायचा म्हणून क्यूआरला कुंपण घातलं आणि खरा कोड पाऊचभर हिंडून, कण कण वेचून काढला. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा तर अधिक मन लावून, कारण पहिलं काम फसलं होतं.

"म्हंजे दोन्ही बारीला म्याच..."

"व्हय."

त्यांनी डबा बंद केला. भाकरी अर्धी तशीच होती. मला त्यांची फार दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचाच संताप आला. मालकाच्या केबिनमधलं बोलणं सांगणं भाग होतं, तेही सांगितलं. खुर्चीचं.

"मग सांगा जावा साहेबास्नी," ते म्हणाले. "दोष निघाला म्हणावं."

"सांगायची घाई न्हाई. आदी काम पास करू," मी म्हणाले. "आता उलटं करायचं. कोड घालायच्या आदी तुमी फाइल साफ करा, काय पुसायचं ते पुसा. मग ती पुण्याला जाईल. कोड घालून आली की कुणी हात लावायचा न्हाई. तुमीबी न्हाई, मीबी न्हाई. थेट प्लेटला."

"म्हंजे पोराला आंगूळ घालायची नि चिखलात सोडायचं."

"तसंच समजा."

काकांनी फाइल साफ केली. कशी केली म्हणून सांगू, हळकुंडाच्या फोटोतली एकेक सुरकुती जिवंत ठेवून मधली धूळ तेवढी नेली. फाइल पुण्याला गेली, कोड घालून परत आली. मी तिला कॉम्प्युटरवरच कुलूप घातलं, प्रूफ काढलं आणि ज्ञानूच्या हातात दिलं. सोनिया सकाळीच येऊन बसली होती. विश्वजितही खाली मशीनवर आले होते. धैर्यशीलने मशीन तयार ठेवलं होतं.

आणि मग ज्ञानू नेहमीसारखा काकांच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला. एवढा सगळा विचार केला, पण ही रीत माझ्या डोक्यातच आली नव्हती.

काकांनी भिंग लावलं. प्रूफ इकडून तिकडे फिरवलं. पेन उचललं नाही.

"काय झालं?" विश्वजित जिना चढून वर आले. "ज्ञानू, प्लेट काढ. वेळ नाही."

"आवं साहेब, 'आ' पडला न्हाई," ज्ञानू पुटपुटला.

"मी सांगतोय ना?"

ज्ञानू हलला नाही. विश्वजितनी हुकूम पुन्हा दिला नाही. वडिलांची रीत मोडताना त्यांनाही जड जात असावं. ते काकांकडे वळले. "आकाराम, करा की सही. आज पास झालं नाही तर मग मला बोल लावू नका."

"हितं हायत," काका भिंगातून बघत म्हणाले. "हितंबी हायत. समदीकडं हायत."

मी त्यांच्याजवळ वाकले. "काका, ते डाग न्हवत."

"मला म्हाईत हाय, ताई. पर माझ्या डोळ्याला डागच दिसत्यात, त्येला मी काय करू?" आवाजात हट्ट नव्हता. थकलेला माणूस जसं खरं सांगतो तसं त्यांनी सांगितलं. "डाग दिसतोय नि सही केली, असं कवा झालं न्हाई."

सोनिया दारात उभी होती, तिला यातलं काही कळत नव्हतं आणि समजावून सांगायचं त्राण मला नव्हतं. आयुष्यभर जपलेली खोड आज याच माणसाची खुर्ची खाणार, एवढं मला दिसत होतं. मनातून मी काकांना शिव्याही घातल्या. करा ना एकदाची सही, कोण विचारतंय.

काकांनी भिंग खाली ठेवलं. मग चष्मा काढला, घडी करून खिशात घातला. प्रूफ हात लांब करून धरलं.

"दुकानात बाई बघंल तसं बघतो," ते म्हणाले. थोडा वेळ बघितलं. "पिवळं हाय. साफ हाय."

आणि 'आ' काढला. चष्मा नव्हता म्हणून कोपरा नीट सापडला नाही, अक्षर तिरकं आलं.

प्लेट लागली, मशीन सुरू झालं. सोनियाने यंत्र धरलं आणि ते वाजलं. वर धरलं, वाजलं. कोपऱ्यात धरलं, घडीवर धरलं, चुरगळून धरलं, वाजतच राहिलं. धैर्यशीलने शिट्टी मारली. सोनियाला इतका आनंद झाला की तिने मला मिठी मारली, आणि मला वाटलं, आता मी इथंच बसून झोपेन.

"पण मग आधी नेमकं काय चुकत होतं?" विश्वजितनी विचारलं.

मी उत्तर तयार ठेवलं होतं, सेटिंगबिटिंगचं. तोंड उघडेपर्यंत काका म्हणाले, "मी पुसत हुतो."

विश्वजितनी त्यांच्याकडे पाहिलं, मग सरकणाऱ्या रोलकडे पाहिलं. काम झालेल्या माणसाला मोठं मन दाखवणं सोपं जातं, पण तरी त्यांनी दाखवलं. "बरं, आता कळलं ना, झालं," ते म्हणाले. "तुमची खुर्ची कुठं जात नाही, काका." नेहमी ते नुसतं आकाराम म्हणायचे. मला खरंच बरं वाटलं, कितीतरी दिवसांनी. घरी जाताना मी पेढे घेतले.

दुसऱ्या दिवशी काका आले ते पिशवी खांद्यावरच ठेवून. भिंग माझ्या टेबलावर ठेवलं.

"हे काय?"

"ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी."

"काका, खुर्ची वाचली की ओ. साहेब स्वतः म्हणाले."

"वाचली. तुमी वाचवली, न्हाई कुठं म्हणतोय?" ते खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते, बसले नाहीत. "पर आता ठिपका दिसला की आदी इचार येनार, ह्यो पुसायचा का ठेवायचा? जलमभर असा इचार कराय लागला न्हाई. दिसला की हात जायाचा. आता हात जाईना झाला, ताई."

"हळदीपुरतंच आहे ते. बाकी सगळं पहिल्यासारखं."

"काल चष्मा काढून सही केली मी." ते म्हणाले. "नानासोनी मला बघायसाठी ठेवलं हुतं. न बघायसाठी न्हवं."

मी पुष्कळ बोलले. भांडलेसुद्धा. ते ऐकत राहिले आणि शेवटी माझ्या डोक्यावर हात ठेवून जिना उतरले.

दुपारी ज्ञानू गुळाच्या खोक्याचं प्रूफ घेऊन आला, सवयीने काकांच्या टेबलावर ठेवून उभा राहिला, आणि मग त्याच्या लक्षात आलं. मी उठून त्या खुर्चीत बसले. भिंग लावलं. उजव्या कोपऱ्यात, ढेपेच्या वर, एक बारीक ठिपका होता. या खोक्याला कोडबिड काही नव्हता, मला चांगलं माहीत होतं. ठिपका म्हणजे ठिपकाच. तरी माझा हात अडला.

मी काकांना फोन लावला. एस.टी.चा खडखडाट ऐकू येत होता.

"काका, गुळाच्या खोक्यावर उजव्या अंगाला एक ठिपका हाय."

"कोड हाय का त्येच्यावर?"

"न्हाई."

"मग पुसा की." मला वाटलं फोन कट झाला. मग आवाज आला, "नीट पुसा, ताई. कडंला सावली ऱ्हाती."

मी ठिपका पुसला. कडेची सावलीही पुसली. नवं प्रूफ ज्ञानूने हातात घेतलं, रिकाम्या कोपऱ्याकडे बघितलं आणि काही न विचारता प्लेट काढायला गेला.