दसऱ्याला घरात आलेला रिकामा डबा

मी एक जुना संगणक आहे. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी संगणक एका दिवसात येतो, खोका उघडला की चालू होतो. माझे तसे झाले नाही. मी तीन महिने थोडा थोडा होत गेलो आणि त्यातला पहिला महिना तर मी नुसता पत्र्याचा रिकामा डबा होतो. मित्रांनो, रिकाम्या डब्याला काही वाटत नाही. पण मी ज्या घरात आलो, तिथे तेव्हा कुणालाच काही वाटत नव्हते. त्यामुळे आमचे बरे जमले.

ते घर गोव्यातल्या साखळी गावचे. घरधनी शिवदास खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. खाण बंद पडली आणि ते घरी बसले. पुढे त्यांची बायको देवकी श्रावणात गेली. तिच्या ऑपरेशनसाठी पैसे जमवले होते, पण तारीख येण्याआधीच ती गेली आणि पैसे तसेच राहिले. शिवदास दिवसभर मागच्या दारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहत. चहा दिला तर पीत, नाही दिला तर मागत नसत. ते रडलेही नाहीत. शेजारी म्हणत, माणूस घट्ट आहे हो. घट्ट कसला, तो आतून बधिर झाला होता.

त्यांची मुलगी समीक्षा इमारतींचे नकाशे काढायला शिकलेली. मोप्याकडच्या एका कंत्राटदाराने तिला घरबसल्या काम द्यायचे कबूल केले होते. अट एकच, नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी तिच्याकडे स्वतःचा संगणक हवा. हातात होते ते आईच्या ऑपरेशनचे पैसे, आणि त्यांना हात लावायला तिचा जीव धजत नव्हता. तयार संगणक घेतला तर काम एका दिवसात आटोपणार, शिवाय हमी. पण तेवढ्या पैशांत मिळणारा तयार संगणक मोठे नकाशे उघडताना धापा टाकणार होता. सुटे भाग घेऊन जोडला तर त्याच पैशांत दमदार होणार, पण जोडणार कोण?

"तयार घे गो, कटकट ना," सुशीला आत्या म्हणाली. ही शिवदासांची थोरली बहीण, भावाचे घर सांभाळायला येऊन राहिलेली.

समीक्षाने वडिलांना विचारले. "तुका जाय तें घे," तुला हवा तो घे, एवढेच ते म्हणाले आणि पुन्हा परसातल्या फणसाच्या झाडाकडे बघत बसले.

मग दसरा आला. वर्षाच्या आत सण करायचा नसतो, म्हणून आत्याने दाराला तोरणसुद्धा बांधू दिले नव्हते. पण देवकीची एक रीत होती. दसऱ्याला घरात काहीतरी लोखंडी वस्तू आलीच पाहिजे. एका वर्षी कोयता, एका वर्षी आदोळी, म्हणजे विळी. त्या सकाळी शिवदास कुणाला काही न सांगता बाजारात गेले आणि मला खांद्यावर घालून घेऊन आले. मुलीला संगणक हवा आहे एवढे त्यांच्या कानावर होते, आणि दुकानात लोखंडी म्हणावे असे मीच दिसलो! मला पाटावर ठेवून त्यांनी हळदकुंकू लावले, अक्षता टाकल्या, माझ्यासमोर नारळ फोडला. नारळाचे पाणी माझ्या जाळीतून आत गेले.

आधी कळस मग पाया, तो हा असा. संगणक जोडणारा माणूस आधी आतले भाग ठरवतो आणि डबा सगळ्यांत शेवटी घेतो. मी तर अंगाने लहान होतो. दुसऱ्या दिवशी समीक्षा मला गुपचूप परत द्यायला घेऊन गेली. दुकानदार बेळगावकडचा. त्याने मला फिरवून फिरवून बघितले.

"ताई, याची पूजा झालीय. कुंकू लागलेली वस्तू मी परत कशी घेऊ? आणि घेतली तरी दुसऱ्याला कोणत्या तोंडाने विकू?"

ती मला घेऊन घरी आली. तयार की जोडलेला, हा प्रश्न असा नारळानेच सोडवला.

त्यानंतर ती एकेक भाग आणत गेली. प्रत्येक वेळी आईचे थोडे पैसे मोडत आणि त्या दिवशी ती जेवत नसे. सगळ्यांत शेवटी तिने फोंड्याच्या एका फोटोग्राफरकडून वापरलेले ग्राफिक्स कार्ड आणले. मोठे नकाशे भराभर उघडायचे ते याच्याच जिवावर. ते परत करायची सोय नव्हती. डिसेंबर सरायला चार दिवस उरले होते. कार्ड बसवायला घेतले, तर ते दोन बोटे लांब भरले. माझ्या पोटात हार्ड डिस्क ठेवायचा एक पत्र्याचा कप्पा होता, तो आडवा येत होता. स्क्रू असता तर निघाला असता, पण तो रिबिटांनी ठोकून बसवलेला.

"म्हणिल्लें न्ही तुका, तयार घे म्हूण?" आत्या म्हणाली. कार्डाचे पैसे गेले होते, काम जाणार होते. समीक्षा जमिनीवर बसली आणि कुणाला म्हणून नव्हे, उगाच बोलली.

"बाबा, हें हांगा बसना."

मागच्या दारची खुर्ची वाजली. शिवदास आले, वाकले आणि त्यांनी माझ्या रिबिटेवरून अंगठा फिरवला.

"ड्रिल खंय आसा?" त्यांनी विचारले. मग म्हणाले, "आदीं आतलें सगळें भायर काड. लोखंडाचो कीस पडल्यार जळटलें."

चार महिन्यांत ते एका दमात एवढे बोलले नव्हते. आत्या चुलीकडून धावत ड्रिल शोधायला गेली. त्यांनी माझ्या आठही रिबिटा एकेक करून काढल्या, कप्पा उचकटला आणि कापलेल्या कडा कानशीने घासत बसले. "हात कापतलो तुजो," एवढेच ते म्हणाले. मला दुखले नाही. पत्र्याला कसले दुखणे! पण प्रत्येक कड घासून झाली की ते तिच्यावरून बोट फिरवून बघत होते, ते मला कळले.

कार्ड बसले. समीक्षाने बटण दाबले, माझे पंखे फिरले. शिवदासांनी तळहात माझ्या माथ्यावर ठेवला. मी हळूहळू तापू लागलो.

"हून जाता गो," गरम होतोय गं, असे ते म्हणाले, आणि देवकी गेल्यानंतर पहिल्यांदा हमसून हमसून रडले. समीक्षाने त्यांना गप्प केले नाही. ती पण रडली.

पुढे मी सहा वर्षे राबलो. मोप्याकडची कितीतरी घरे आधी माझ्या पोटात उभी राहिली. दर शनिवारी शिवदास मला उघडून रंगाच्या ब्रशने तांबडी धूळ झाडत. फिटरचा संगणक बघायला माणसे येत, येताना बिघडलेला मिक्सर घेऊन येत.

गेल्या सोमवारी समीक्षाने नवा संगणक आणला. तयार, बंद, चकचकीत. आता बाबांना त्रास नको, म्हणून तिने स्वतःच्या कमाईतून मायेने आणला. शिवदास स्क्रूड्रायव्हर घेऊनच आले. पाठीमागच्या स्क्रूवर कागदी शिक्का होता, तो फाटला की हमी गेली.

"बाबा, ह्याका हात लावपाची गरज ना. कितेंय जालें जाल्यार कंपनीचो मनीस येतलो."

त्यांनी मान हलवली. स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला. त्यानंतर चार दिवस ते कुणाशी बोललेले नाहीत, आणि नव्या कामाच्या घाईत ते अजून तिच्या ध्यानात आलेले नाही.

मित्रांनो, संगणक तयार घ्यावा की जोडावा, ते तुमचे तुम्ही ठरवा. माझी धूळ कुणी झाडली नाही तरी माझे काही अडत नाही. पण जो माणूस हातांच्या बळावर जगला, त्याच्या हातातले काम सुखाच्या नावाखाली काढून घेऊ नका. माझ्या तारा सोडवून ठेवल्या आहेत, मला तिला काही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणी साखळीला गेलात, तर समीक्षाला माझा एवढा निरोप द्या. म्हणावे, घरातले काहीतरी मोड आणि बाबांना हाक मार.