सरकवलेला षड्ज

पडद्यावरच्या हार्डांगर फिडलला, म्हणजे नॉर्वेच्या लोकव्हायोलिनला, आठ खुंट्या होत्या. मी दोनदा मोजल्या. चार डावीकडे, चार उजवीकडे. पहिल्या रांगेतून त्या स्वच्छ दिसत होत्या, आणि फोटोही धूसर नव्हता.

"नऊ तारा," माझा नवरा श्रीनिवास म्हणाला. लेझरचा लाल ठिपका त्याने त्याच खुंट्यांवरून फिरवला. "चार वर, पाच खाली. खालच्या तारांना गज लागत नाही, त्या नुसत्या अनुनादाने वाजतात. आपल्या सारंगीची तरफच! आणि नऊच का? विचार करा. नवग्रह."

"वा!" मागून कोणीतरी म्हणालं.

नऊ तारांची फिडल असते, नाही असं नाही. पडद्यावरची ती नव्हती. सभागृहात साठ माणसं होती आणि त्यातली निम्मी तरी चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करणारी. नेदरलँड्सच्या फेल्डहोवनमधली ही माणसं सोमवार ते शुक्रवार नॅनोमीटरमध्ये विचार करतात. रविवारी त्यांना आठपर्यंत मोजता येत नाही.

ऑक्टोबर २०१४. मराठी मंडळाच्या व्याख्यानमालेचं तिसरं पुष्प. व्याख्यानाला पुष्प म्हणायची पद्धत आपण इथे सोबत आणली आहे. विषय होता 'नॉर्वेच्या संगीताचा इतिहास आणि बावीस श्रुती'. भाड्याचं सभागृह सहाला रिकामं करून द्यायचं होतं, म्हणून इतिहासाला वीस मिनिटं आणि श्रुतींना चाळीस.

दोन वर्षांपूर्वी आम्ही चार दिवस नॉर्वेतल्या बर्गनला गेलो होतो. हॉटेलात एक माणूस संध्याकाळी फिडल वाजवायचा. श्रीनिवासच्या कानाला त्यातला गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधला वाटला, आणि तो खरंच तसा होता. परत येताना आमच्या सामानात सहा सीडी होत्या आणि एक सिद्धांत: नॉर्वेचे स्वर आपल्याच बावीस श्रुतींवर बसतात. सिद्धांत त्याने सांभाळला, सीडी मी ऐकल्या.

मी वनस्पतिशास्त्रातली. पुण्यात बियांच्या सुप्तावस्थेवर पीएच.डी. केली आणि २००८ साली श्रीनिवासची अवलंबित म्हणून इथे आले. व्हिसावर तसाच शब्द होता. पहिल्या वर्षी डच शिकले. दुसऱ्या वर्षी सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होती. तिसऱ्या वर्षापासून कारण सांगावं लागणं बंद झालं. मूल नव्हतं, त्याबद्दलही "बघू" असंच चाललं होतं. वाखनिंगनच्या विद्यापीठातून मला एकदा विचारणा झाली होती, ती "बघू" म्हणता म्हणता दुसऱ्या कोणाला तरी गेली. या सप्टेंबरमध्ये त्याच विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून पुन्हा पत्र आलं. बियांच्या उगवणीवर तीन वर्षांचं काम. घरापासून रेल्वे आणि बस मिळून पावणेदोन तास, म्हणजे तिथेच खोली घ्यावी लागणार. होकार की नकार ते सोमवारपर्यंत कळवायचं होतं. सोमवार म्हणजे दुसरा दिवस.

"व्याख्यान होऊन जाऊ दे, मग बघू," श्रीनिवास पाच आठवडे म्हणत होता. आणि मी पाच आठवडे मान हलवत होते. त्याला दोष देताना हे मी विसरत नाही.

पडद्यावर आता एक जुनं लाकडी चर्च होतं.

"एकोणिसाव्या शतकात धर्माच्या नावाखाली फिडली जाळल्या गेल्या," श्रीनिवासने आवाज खाली आणला. "सैतानाचं वाद्य म्हणून. मंडळी, हे कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतं ना? आक्रमण आलं की आधी संगीत जातं."

माना डोलल्या. त्या फिडली कोणा आक्रमकाने जाळल्या नव्हत्या. गावातल्याच भाविक माणसांनी, काही वेळा वाजवणाऱ्यांनी स्वतःच, आपल्या हाताने आगीत घातल्या होत्या. हे मी त्याला टिपणात लिहून दिलं होतं, दुसऱ्या पानावर. तो पहिली पानं वाचतो.

पुढे क्नूट डाले आला. नॉर्वेच्या टेलेमार्क प्रांतातला हा म्हातारा फिडलवादक. आपल्याबरोबर जुन्या गती, म्हणजे फिडलवरच्या पारंपरिक रचना, संपतील या भीतीने त्याने १८८८ साली ग्रीगला पत्र लिहिलं. ग्रीग तेव्हा नॉर्वेचा सर्वांत मोठा संगीतकार. काम व्हायला तेरा वर्षं लागली. १९०१मध्ये हाल्वर्सन नावाच्या व्हायोलिनवादकाने म्हाताऱ्याला समोर बसवून सतरा गती उतरवून घेतल्या आणि ग्रीगने त्या पियानोसाठी बांधल्या. मला या इतिहासात सगळ्यात जास्त तो म्हातारा आवडला होता. तेरा वर्षं वाट पाहून, वयाच्या साठीनंतर, तो वाजवायला राजधानीत गेला.

श्रीनिवासने त्याला अर्धं मिनिट दिलं. "असा हा ग्रीग," म्हणून तो पुढे गेला.

ग्रीगने निदान त्या दोघांची नावं छापली होती. आमच्या शेवटच्या स्लाइडवर काय आहे हे मला सकाळीच कळलं होतं: 'विशेष आभार, टायपिंग व चहा: सौ. शुभदा.'

टायपिंग म्हणजे काय, ते सांगते. सात महिने, रोज दोन तास, जेवणाच्या टेबलावर मी चौसष्ट ध्वनिमुद्रणांतला प्रत्येक लांबवलेला स्वर मोजला. दोन हजार तीनशे सोळा स्वर. सप्तकाचे बाराशे बारीक भाग करतात, त्यांना सेंट म्हणतात. या बाराशे भागांवर बावीस श्रुती मांडल्या आणि प्रत्येकीला दोन्ही बाजूंनी पंचवीस सेंटांची सूट दिली, की जवळच्या श्रुतींची सूट एकमेकींवर चढूनही बाराशेपैकी आठशेवीस भाग झाकले जातात. म्हणजे दाराची बिजागरी करकरली तरी तो आवाज शंभरातून अडुसष्ट वेळा कुठल्या ना कुठल्या श्रुतीवर बसणारच. नॉर्वेचे वादक सत्तर वेळा बसत होते. बिजागरीपेक्षा दोनने जास्त.

"असं कसं?" श्रीनिवास तेव्हा म्हणाला होता. "तू सा चुकीचा धरला असशील."

"खालची मोकळी तार, सगळ्यांसाठी एकच नियम. मोजायच्या आधी ठरवला होता."

"नियम कसला? प्रत्येक रचनेचा नैसर्गिक सा वेगळा. थोडा सरकवून बघ ना. जिथे जास्त बसतं तो सा."

मी सरकवून दिला. 'हे चुकीचं आहे' असं ई-मेलमध्ये लिहिलं आणि त्याच ई-मेलला फाइल जोडली. तरीही ज्या बसेनात त्या रचना त्याने स्वतः काढून टाकल्या. 'अशुद्ध परंपरा' म्हणून. चौसष्टच्या तेवीस राहिल्या.

आणि आता पडद्यावर, सोनेरी अक्षरांत, ९१.४ टक्के.

टाळ्या बराच वेळ चालल्या. दशांश चिन्हानंतर एक आकडा असला की माणसं हळवी होतात. "अभिमान वाटतो हो," माझ्या शेजारच्या मेधाताई डोळे पुसत म्हणाल्या. त्यांचा मुलगा पलीकडे फोनवर डच फुटबॉल बघत होता.

मग सिग्रिडबाईंना बोलावलं. त्या आइंडहोवनमध्ये राहणाऱ्या निवृत्त संगीतशिक्षिका, मूळच्या टेलेमार्कच्या, सत्तरीच्या. मंडळाने त्यांना दहा मिनिटं वाजवायला बोलावलं होतं. त्यांनी फिडलची पेटी उघडली, पाच मिनिटं वाद्य सुरात लावलं आणि चार मिनिटं वाजवलं. पायाने ताल धरून, कोणाकडेही न बघता. दुपारभरात या सभागृहात खरं असं तेवढंच झालं.

श्रीनिवास माइक घेऊन पुढे गेला. "मॅडम, हा जो तुमचा मधला स्वर आहे, तो इतका अचूक कसा लागतो? यामागे काही प्राचीन पद्धत?" हे इंग्रजीत.

बाईंनी विचार केला. "माझे गुरू तसा वाजवायचे," त्या म्हणाल्या. "त्यांचा भाऊ थोडा वर वाजवायचा. त्यावरून दोघं अकरा वर्षं बोलत नव्हते."

इंग्रजी समजणारे हसले. श्रीनिवास सभेकडे वळला आणि गंभीरपणे मराठीत म्हणाला, "त्या म्हणतायत की ही शुद्ध गुरुशिष्य परंपरा आहे. घराणी!"

न समजलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. समजलेल्यांनीही.

मंडळाचे अध्यक्ष राजन घड्याळ बघत म्हणाले, "एखाददुसरा प्रश्न? मग सत्कार, मग वडा."

मागच्या रांगेतून विवेक उठला. श्रीनिवासच्याच विभागातला, तबला वाजवणारा, सभेत सहसा न बोलणारा. "श्री, एकच शंका. सा कुठला धरलास?"

"प्रत्येक रचनेचा नैसर्गिक सा."

"हो, पण तो ठरवला कसा? म्हणजे आधी सा ठरवून मग मोजलं, की मोजून झाल्यावर सा ठरवला? कारण नंतर ठरवला तर काय रे, माझ्या मिक्सरमधूनही दरबारी निघेल."

हशा पिकला. श्रीनिवास हसला नाही. त्याचे कान लाल झाले. त्याने पाण्याची बाटली उघडली, घोट घेतला, झाकण लावलं. मग तो माझ्याकडे बघून गोड आवाजात म्हणाला, "अरे, ते सगळं शुभदाने केलंय. सा तिने काढलेत, आकडे तिचेच. ती सायंटिस्ट आहे बाबा, पीएच.डी.! मी फक्त वक्ता. काही इकडेतिकडे झालं असेल तर तिला धरा. शुभदा, सांग ना त्याला."

सहा वर्षांत या सभागृहात माझी पीएच.डी. पहिल्यांदाच उच्चारली गेली. आळ घालायला जागा हवी होती म्हणून.

मी उठले. राजनने माइक दिला, तो मी खुर्चीवर ठेवला.

"सा नंतर ठरवला," मी विवेकला म्हणाले. "प्रत्येक रचनेसाठी वेगळा, जिथे आकडा सर्वांत मोठा येतो तिथे. ते गणित मीच करून दिलं. ते चुकीचं आहे हे माहीत असताना करून दिलं, ती चूक माझी. मूळ रचना चौसष्ट होत्या. इथे तेवीस दाखवल्यात. एक नियम लावून सगळ्या मोजल्या तर सत्तर टक्के येतात. कुठलेही आकडे चिठ्ठ्या टाकून उचलले तर अडुसष्ट."

"म्हणजे?" मेधाताईंनी विचारलं.

"म्हणजे त्या लोकांचा आपल्या श्रुतींशी संबंध आहे असं यातून दिसत नाही. त्यांचं संगीत त्यांचं आहे. आणि पडद्यावरच्या फिडलला आठ तारा होत्या."

 सिग्रिडबाईंनी विवेकला विचारलं, मी काय म्हणाले. त्याने सांगितल्यावर त्या मोठ्याने, मनापासून हसल्या आणि गजाचे केस सैल करायला लागल्या.

मला वाटलं होतं काहीतरी होईल. कोणी चिडेल, कोणी वाद घालेल. राजन टाळी वाजवत पुढे आले. "वा वा, नवराबायकोची जुगलबंदी! विज्ञानात मतभेद हवेतच. चला, सत्काराकडे वळू." आणि सगळे वळले. तुर्की दुकानातून आणलेला नारळ आला, शाल आली. 'व्यासंगी', 'अभ्यासू', 'साता समुद्रापार' हे शब्द आले. नंतर "शुभदावहिनी, तुम्हीपण या, तुमच्या साथीशिवाय हे शक्यच नव्हतं," म्हणून मला ट्यूलिपची फुलं दिली. ती प्लास्टिकची होती. ऑक्टोबरात दुसरी मिळत नाहीत.

वडे चांगले झाले होते. खाताना तिघांनी श्रीनिवासला येऊन सांगितलं की एक्क्याण्णव टक्के ऐकून अंगावर काटा आला. काटा सत्तर टक्क्यांवर येत नाही.

साडेपाचला मी खुर्च्या एकावर एक रचत होते. विवेक आणि आणखी दोघं मदतीला होते. श्रीनिवास अंगावर शाल तशीच ठेवून, नारळ काखेत धरून आला.

"बरं वाटलं आता?" तो हळू म्हणाला. "चारचौघांत?"

"तू मला सांगायला सांगितलंस."

"म्हणून सगळंच सांगायचं? जरा सांभाळून घेता येतं की नाही माणसाला? घरचं माणूस आहे मी." मग त्याने आवाज मऊ केला. या आवाजात तो बिघडलेल्या यंत्राच्या ग्राहकांशी बोलतो. "हे बघ, राजन म्हणतोय, स्मरणिकेत लेख दे. तुझंही नाव घालू. माझ्या खाली, पण स्पष्ट. इंग्रजीतही करू. फक्त ते आकडे तू नीट बसवून दे, डिसेंबरपर्यंत. पाहिजे तर श्रुतींची सूट तीस सेंट कर."

मी हातातली खुर्ची ठेवली. तीस सेंट केली तर बिजागरी किती टक्के बसेल, याचं गणित आपोआप डोक्यात सुरू झालं होतं. अठ्ठ्याहत्तरच्या वर. उत्तर यायच्या आधी मी ते थांबवलं नाही, सवय आहे. पण पूर्ण झाल्यावर कळलं की हे गणित मला कोणासाठीही करायचं नाही.

"आणि ते वाखनिंगनचं," तो म्हणाला, "आता या गडबडीत नको. त्यांना कळव, पुढच्या वर्षी बघू म्हणून. ते थांबतील. तुला घेतायत म्हणजे त्यांना तरी दुसरं कोण मिळतंय?"

विवेकने खुर्ची उचलता उचलता मध्येच हात थांबवले.

"श्रीनिवास," मी म्हणाले, नेहमीच्याच आवाजात, पण त्याला परत विचारावं लागणार नाही इतक्या स्पष्टपणे, "उद्या सकाळी मी त्यांना होकार कळवणार आहे. एक डिसेंबरपासून मी वाखनिंगनला राहीन. एकटी."