थोरल्या भिंगाची काच

या, असे जवळ येऊन बसा. ही गोष्ट लांबून ऐकायची न्हाई, आन आवाज चढवून सांगितली तर तिच्यातला माणूस संकोचेल. पाथरीच्या चंद्रप्पा फोटोवाल्याची गोष्ट सांगतो. मी जन्मभर कीर्तनात टाळ धरून उभा राहिलेला माणूस. सांगताना कुठं फाटा फुटलाच तर सांभाळून घ्या.

चंद्रप्पाचं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. बाहेरच्या खोलीत रंगवलेला पडदा आणि एक खुर्ची. आतली खोली अंधारी. तिला दार एकच, तेही बाहेरच्या खोलीत उघडणारं. खिडकीला गज होते आणि गजांवर लाल काच बसवलेली. तेव्हा फोटो आधी काचेवर उतरायचा. त्या लाल उजेडात चंद्रप्पा मसाल्याच्या, म्हणजे औषधांच्या, पाण्यात काचा धुवायचा. फोटोवाल्यांच्या भाषेत काच धुणं म्हणजे तिच्यावर चित्र उमटवणं. आणि निकामी झालेली जुनी काच सोड्याच्या पाण्यात टाकून कोरी करायची, त्यालाही ते काच धुणंच म्हणत. दोन्ही कामांना शब्द एकच. हे लक्षात असू द्या.

त्याच्याकडं अंधारात दिसणारी दोन भिंगं होती. आमच्या देवळाच्या मंडपात भर दुपारीसुद्धा उजेड चिमूटभर असतो. साधी भिंगं तिथं आंधळी होतात. ह्या दोघांना मात्र एकदा ‘नमः शिवाय’ म्हणेपर्यंतचा वेळ पुरायचा. चंद्रप्पा वेळ घड्याळावर मोजत नसे, पंचाक्षरीवर मोजायचा. एका भिंगाला तो धाकटं म्हणायचा, दुसऱ्याला थोरलं. धाकटं लिंबाएवढं होतं, कॅमेऱ्यासकट कोटाच्या खिशात जाणारं. पण त्याचं चित्र मधोमध तेवढं चांगलं यायचं. कडेची माणसं दुधात कुस्करलेल्या भाकरीसारखी विरघळलेली. थोरलं पितळेचं, चांगल्या घागरीच्या तोंडाएवढं, आत जाड काचांची उतरंड. पेटी आणि तिवई धरून ते न्यायला बैलगाडी लागायची आणि उचलायला दोन माणसं. पण कोपऱ्यात बसलेल्या म्हातारीच्या पापण्या मोजून घ्याव्यात इतकं ते साफ दाखवायचं.

आमचे ईश्वरअप्पा महाराज एकदा त्याला म्हणाले, “चंद्रप्पा, त्या धाकट्यालाच जरा शहाणं कर की. ही घागर किती दिवस वागवणार तू?”

“महाराज, अंधारात दिसणं, खिशात मावणं आन कडंपर्यंत साफ असणं, ह्या तिघांतलं दोनच मिळतंय. तिसरं मागायला गेलं की पहिल्या दोघांतलं एक रुसून जातंय.”

“मग आमचंच झालं की रे. गळा हाय, ताल हाय, पन पोट काही धोतरात मावत न्हाई.”

महाराज असे होते. शिवकीर्तनाला उभे राहिले की ते अंग हलकं व्हायचं. एक हात वर जायचा, डोळे भरून यायचे, आणि आम्ही मागं टाळ धरणारे आपण कुठं उभे आहोत हे विसरायचो. फोटोला मात्र ते कधीच कबूल झाले नाहीत. नुसतं हसायचे. सोळा वर्षं चंद्रप्पा त्यांच्या मागं लागला होता. एकोणीसशे अठ्ठेचाळीस सालच्या महाशिवरात्रीच्या शिवनाम सप्ताहात ते एकदाचे म्हणाले, “काढ बाबा. पन मला थांब म्हणू नको.”

तो निजामीच्या अखेरचा, धास्तीचा काळ होता. माणसं जमायची म्हटलं की परवानगी लागायची. कीर्तनाची परवानगी मिळाली ती दिवस मावळायच्या आतली. चंद्रप्पानं सकाळीच थोरलं भिंग गाडीतून आणून मंडपासमोर रोवलं. महाराज मधोमध, त्यांच्या खांद्यामागं विणेकरी, आणि दोन्हीकडं आम्ही टाळकरी. महाराजांचा हात वर गेला, चंद्रप्पानं टोपण काढलं, मनात ‘नमः शिवाय’ म्हटलं आणि टोपण लावलं. एवढंच.

तेवढ्यात सप्ताहाचे यजमान, कापसाचे व्यापारी व्यंकटराव, उशिरा येऊन एका बाजूला बसले आणि माझाही फोटो पाहिजे म्हणून हटून बसले. थोरलं काही त्या गर्दीत वळवता येईना. मग चंद्रप्पानं खिशातून धाकटं काढलं. त्या चित्रात व्यंकटराव मधोमध झळझळीत आले, आणि महाराज व विणेकरी गेले कडेला. विरघळले.

हा विणेकरी होता कल्याणराव. पेडगावाकडचा, अंगानं शेलाटा, बोलायला मवाळ. पूर्णेकाठचा निजामाचा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका जाळणारी जी टोळी होती, तिच्यातला तो. पोलिसांना नाव ठाऊक होतं, तोंड ठाऊक नव्हतं. महिन्याभरानं तो एका दुपारी दुकानात आला.

“अप्पा, त्या मोठ्या फोटोत माझं तोंड आलंय का?”

चंद्रप्पाला कामाचा अभिमान. काच लाल उजेडात धरून म्हणाला, “आलंय का म्हणजे? पापण्यासकट आलंय. हे बघ.”

कल्याणरावानं काच निरखून बघितली. मग म्हणाला, “अप्पा, ही धुऊन टाका. माझ्यासाठी म्हणून न्हाई. मी सापडलो तर माझ्यामागं अजून सहाजण हायेत.”

“धुतो,” चंद्रप्पा म्हणाला. “उद्याच धुतो.”

पण त्याच आठवड्यात ईश्वरअप्पा महाराज गेले. देहाला आसनावर बसवून, विभूती लावून आम्ही त्यांना समाधी दिली. आणि त्यांच्या तोंडाची एवढी एकच खूण जगात उरली: ती काच. कागदावर तिची प्रत नव्हती, कारण तेव्हा सरहद्दीवर माल अडलेला. मोठा कागद मुंबईहून येईना, मसालाही येईना. महाराजांच्या पत्नी गौराबाई दर सोमवारी दुकानाच्या पायरीवर येऊन विचारायच्या, “आला का रे कागद?” चंद्रप्पा त्यांना आत नेऊन काच दाखवायचा. काचेत सगळं उलटं असतं, पांढरी दाढी काळी आणि काळी टोपी पांढरी. तरी त्या बघत उभ्या राहायच्या. आता अशी काच कोण धुईल? आज धुतो, उद्या धुतो करत वैशाख आला.

वैशाखात भर दुपारी अमीनसाहेब दुकानात आले. आपण आज फौजदार म्हणतो ना, ते. बाहेर दोन जवान उभे केले, खुर्ची ओढून अंधाऱ्या खोलीच्या दारासमोर घेतली आणि खिशातून एक फोटो काढला. व्यंकटरावांच्या दुकानात टांगलेला, धाकट्या भिंगाचा.

“चंद्रप्पा, यह देखो. कडेला विणा आहे. विण्याच्या मागं माणूस आहे, तोच कल्याणराव अशी खबर आहे. त्याला तोंड कुठं आहे?”

“धाकट्या भिंगाचं असंच येतंय साहेब. कडंला टिकत न्हाई.”

“व्यंकटरावांची मिशी दिसते. बटनाची दोन भोकं दिसतात. जो माणूस पाहिजे तेवढाच गायब?”

“भिंगाला कोन पाहिजे ते ठाऊक नसतंय, साहेब.”

अमीनसाहेब हसले. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. त्यांनी पाणी मागून घेतलं, प्याले, आणि भांडं खाली ठेवता ठेवता म्हणाले, “गाडीवान सांगतो, त्या दिवशी तुझी पेटी उतरवायला दोन माणसं लागली. आता ही चीज तर खिशात बसते. खिशातल्या चीजेला दोन माणसं कशाला, मियाँ?”

चंद्रप्पानं भांडं उचललं. नाकारणार काय? त्या भिंगाची घागरीएवढी काया गावानं बघितली होती.

“दोन सालांखाली माझा फोटो तू त्याच मोठ्या भिंगानं काढलास. घरी लावलाय. माझी बेगम म्हणते, दाढीचा एकेक केस मोजावा. मला ठाऊक आहे ते भिंग काय करतं. ती काच कुठं आहे?”

गळ्यात इष्टलिंग असलेला माणूस. खोटं बोलायची जिभेला सवय नाही, आणि खरं बोललं तर सातजण जातात. चंद्रप्पाच्या तोंडून जे निघालं ते असं निघालं: “ती काच धुवायची राहिलीय, साहेब.”

अमीनसाहेब स्वतःच मान हलवत म्हणाले, “मसाला नसेल.”

“दोन महिने मसाला आला न्हाई.”

“थोडा तर असेल? एका काचेपुरता?”

“एका काचेपुरतं होईल.”

“मग धु. आत्ता धु. मी इथंच बसतो. आणि नंतर लिंग हातात घेऊन सांगायचं. तुम्हा लोकांचा लेखी जबाब मी घेत नाही, तुला माहीत आहे.”

दार लागलं. आत वैशाखाची भट्टी. माळवदाची माती तापलेली, खिडकी बंद, आणि त्या लाल उजेडात आपलाच हात दुसऱ्याचा वाटावा. दाराच्या फटीत अमीनसाहेबांच्या बुटांची सावली. बाहेर जायला दुसरी वाट नाही, आणि आत लपवायला जागा असून उपयोग नाही, कारण लिंग तळहातावर आलं की लपवलेलं बाहेर काढावंच लागणार.

त्यानं खालच्या कप्प्यातून काच काढली आणि लाल काचेसमोर धरली. महाराजांचा हात वर गेलेला, तोंड उघडं, शब्द ओठावर. त्यांच्या खांद्यामागं कल्याणराव. दोघांच्या तोंडांत बोटभर अंतर. पहिल्यांदा त्याच्या मनात आलं, पातं घेऊन तेवढं एकच तोंड खरवडावं. पण मग त्या भोकानंच ओरडून सांगितलं असतं की पाहिजे तो माणूस हाच, आणि चंद्रप्पाला तो ठाऊक आहे. दगडावर आपटावी तर आवाज होतो. राहिला सोडा.

त्यानं सोडा पाण्यात कालवला आणि काच त्यात पालथी नव्हे, उताणी ठेवली. महाराजांचं तोंड वर. सोड्याला पाव तास लागतो.

“चंद्रप्पा, काय करायलास?” बाहेरून आवाज आला. साहेबांना आमची बोली बोलून दाखवायची हौस होती.

“काच धुवायलोय, साहेब.”

“नीट धु. घाई नको.”

तो बसून राहिला. मला तो टाळ्याच म्हणायचा. म्हातारपणी सांगताना म्हणाला, “टाळ्या, तो पाव तास मी पंचाक्षरीवर मोजला. हजारावर गेलो असंन. तरी सरना.” मग काचेची कड सुटली. चित्राची साय हळूहळू वर आली, अख्खीच्या अख्खी, पाण्यावर तरंगायला लागली. महाराज त्या पाण्यात हलत होते. वर गेलेला हात लहरला. त्याला वाटलं, अजून वेळ आहे. ही साय दुसऱ्या काचेवर झेलता येते, तसं करतात. बोटं पाण्यात गेलीसुद्धा. सायीखाली हात घातला, आणि तिच्यात महाराजांच्या शेजारचं तोंड जसंच्या तसं दिसलं, पापण्यांसकट. तेव्हा त्यानं मूठ मिटली. चुरगळून, बारीक करून ते सगळं मोरीत सोडलं आणि वरून दोन तांबे पाणी ओतलं.

बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात कोरी काच होती.

“साहेब, काच धुतली. काही राहिलं न्हाई.”

अमीनसाहेबांनी काच उजेडासमोर धरली. तिच्यातून त्यांना रस्ता दिसला, जवान दिसले. “उन्हानं चित्र सुटून गेलं?”

“पाणी लय तापलंय, साहेब.”

“हात धुऊन ये. लिंग घे.”

चंद्रप्पानं हात धुतले, लिंग डाव्या तळहातावर घेतलं. अमीनसाहेबांनी वाक्य सांगितलं आणि त्यानं ते शब्दाला शब्द म्हटलं: त्या कीर्तनाचं दुसरं चित्र ह्या घरात नाही, मी कुठं ठेवलेलं नाही, कुणाला दिलेलं नाही. सगळं खरं होतं. अमीनसाहेब उठले. जाताना म्हणाले, “अफसोस. त्या बुवांचा आवाज मी ऐकला होता.”

पुढच्या सोमवारी गौराबाई आल्या. चंद्रप्पानं त्यांना सांगितलं, काच धुतली, कोरी झाली. त्या पायरीवरूनच मागं फिरल्या. “खिडकीला लावायला काच पाहिजे होती का रे तुला?” एवढंच म्हणाल्या. तो काय सांगणार? कल्याणराव अजून फरारी होता.

भाद्रपदात निजामी संपली, झेंडे लागले. कल्याणराव परत आला, त्याचा सत्कार झाला. तो चंद्रप्पाला भेटला आणि सहज म्हणाला, “बरं झालं अप्पा, तुमी माझं ऐकून काच तवाच धुतली.” त्याला वाटत होतं, त्यानं सांगितलं त्या दिवशीच हे झालं. चंद्रप्पा हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. खरं सांगावं, तर महिनाभर दिलेला शब्द आपण पाळला नाही, हे आधी सांगावं लागलं असतं. आणि गौराबाईंना सांगावं, तर त्या माउलीनं आपले आभार मानावेत म्हणून सांगितल्यासारखं झालं असतं.  सत्कारातली हारतुऱ्यांची माणसं त्यानं थोरल्या भिंगानं काढली, कडेपर्यंत साफ.

व्यंकटरावांनी आपला तो फोटो गौराबाईंना दिला. त्यांनी तो घरात भिंतीतल्या देवळीत लावला. हार असा घालायच्या की मधले व्यंकटराव अगदी झाकले जायचे आणि कडेचा तो पुसट, विरघळलेला आकार तेवढा उघडा राहायचा. त्यालाच विभूती लावायच्या. चंद्रप्पा दर शिवरात्रीला तिथं दर्शनाला जायचा. त्या त्याला बस म्हणत नसत. उभ्याउभ्या हात जोडून तो परत यायचा.

गौराबाई गेल्यावर त्यानं मला हे सांगितलं, आणि मी आज तुम्हाला. आता तुम्ही उठाल, हातपाय धुवाल, लिंगपूजेला बसाल. पंचाक्षरी म्हणताना एक वेळ चंद्रप्पाच्या नावानं म्हणा. त्याला कुणी बस म्हटलं नाही, तुम्ही तेवढं मनातल्या मनात म्हणा.