सव्वा रुपयाची देवी

"देवीनं मान हलवली! हलवली!"

अख्खी खोली गलबलली. जळगावच्या रुपचंदशेठनं हौसेनं जुन्या जत्रांमधली नाण्यावर चालणारी यंत्रं जमवून संग्रहालय थाटलं होतं. ढोल वाजवणारं माकड, कुस्ती खेळणारे पहिलवान, सगळे धूळ खात पडलेले. गर्दी काय ती काचेच्या पेटीतल्या एका बाहुलीपुढे! राखणदार निंबानं तिला साडी नेसवली, स्वतःच्या कपाळाला शेंदूर फासला, झाली देवी!

धरणगावच्या शाळेतल्या प्रमिलाबाई सारख्या घड्याळ बघत होत्या. भावाला, लोटनला, पिसाळलेलं कुत्रं चावलेलं. दवाखान्याची खिडकी बाराला बंद होणार, अन् लोटन वाटेतच इथे कौल लावायला घुसलेला!

"सव्वा रुपया टाका हो!" निंबा ओरडत होता. "रुपयाला देवी होकार देते, म्हणजे दक्षिणा पावली. वरच्या चार आण्याला खरा कौल!"

लोटननं विचारलं, "देवी, सुया टोची लेऊ का?" रुपयाला बाहुलीनं मान डोलावली, चार आण्याला नकारार्थी हलवली.

"देवी नही म्हनस, पमा," लोटन सुटकेचा निःश्वास टाकत म्हणाला. निंबानं लगेच अंगाऱ्याची पुडी पुढे केली.

प्रमिलाबाईंनी ती पुडी बाजूला सारली. आधीच्या साऱ्यांनाही 'नाही'च मिळालं होतं की! त्यांनी सव्वा रुपया टाकला. "देवी, दवाखाना टाळू का?"

पुन्हा होकार, पुन्हा नकार. लोक चुळबुळले.

"आता नुसता रुपयाच टाकते."

"अहो बाई, दान सव्वाचंच असतं!" निंबा धावला. तोवर नाणं आत. बाहुलीनं होकार देऊन मान थांबवली. प्रमिलाबाईंनी पेटीमागचं लाल फडकं खस्सकन ओढलं. काचेतून दातेरी चाक दिसलं.

"भाऊ, इकडे बघ. टाका हो कुणीतरी एक नाणं!"

नाणं पडलं, चाक एक दाता सरकलं, बाहुलीनं नकार दिला.

"एका दात्याला हो, पुढच्याला नाही. यंत्र एका नाण्याचं. आपण सव्वाच्या रिवाजानं दोन टाकतो, म्हणून शेवटी सगळ्यांना नाही! हे ठाऊक असूनच हा अंगारा विकतोय."

लोक निंबावर तुटून पडले. लोटन मात्र जागचा हलेना.

"माले भ्याव वाटस, पमा. पोटमा सुया टोचतस."

"मग ते मला सांगायचं ना रे भाऊ! भीती वाटू दे, मी शेजारी बसते. पण हे विष एकदा डोक्यात चढलं की कुणाच्याच हातात काही राहत नाही." त्या गर्दीकडे वळल्या. "आजाराचं डॉक्टरला विचारा हो. अन् चमत्कार दिसला की आधी पेटीमागं जाऊन बघा!"

बाराला पाच मिनिटं होती. भावाचं मनगट घट्ट धरून त्या भर रस्त्यानं पळत सुटल्या.